मामा तलावाला लागून असलेल्या जागेवर घर: नेमकं किती अंतर सोडायचं आणि ते कुठून मोजायचं?

गटक्रमांक:
नमस्कार मंडळी. जागा पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर पण प्रादेशिक योजनेच्या हद्दीत आहे. क्षेत्र २२ गुंठे, रुंदी साधारण ३० मीटर, खोली ७४ मीटर. दक्षिणेला रस्ता, उत्तरेची हद्द माजी मालगुजारी (मामा) तलावाच्या बुडीत क्षेत्राला लागून. उतार अगदी मंद, शंभर मीटरला एक मीटर पडेल इतकाच. सातबाऱ्यावर ३ गुंठे पोटखराबा (लागवडीबाहेरचं क्षेत्र) दाखवलाय. तळमजला अधिक एक मजला असं घर, सेप्टिक टँक आणि आवारभिंत एवढंच बांधायचं आहे.

अंतराबद्दल तीन आकडे ऐकायला मिळतात: १५ मीटर, ५० मीटर, ७५ मीटर. यातला कोणता खरा? तलावाच्या कडेपासून मोजायचा म्हणजे कोणत्या कडेपासून? उन्हाळ्यात पाणी दोनशे मीटर मागे जातं. नकाशा काढायला देण्याआधी हे स्पष्ट व्हायला हवं.

नकाशावाचक:
तिन्ही आकडे कुठून ना कुठून आलेले आहेत, पण सगळेच तुमच्या जागेला लागू नाहीत.

७५ मीटर आधी बाजूला काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बेंगळुरूच्या तलावांसाठी तो आकडा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी ती सरसकट वाढ रद्द केली. महाराष्ट्राशी त्याचा तेव्हाही संबंध नव्हता, तरी तो अजून सगळीकडे फिरतो.

१५ मीटर हा एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतला, म्हणजे यूडीसीपीआर २०२० मधला. नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासूनचं ते अंतर आहे. ओढ्यानाल्यांना त्याहून कमी लागतं. तुमच्या जागेतून किंवा शेजारून तलावाला मिळणारा नाला जात असेल तर त्याचं अंतर वेगळं तपासा, हे बहुतेक जण विसरतात. नदीकाठच्या जागांना निळी आणि लाल पूररेषाही लागते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा तलाव नदीवर नसेल तर हा भाग सोडून द्या.

५० मीटर हा खरा मुद्दा. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मधल्या नियम ४ प्रमाणे, नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांत दिसलेली सरासरी उच्च पूर पातळी धरायची आणि तिथून ५० मीटरच्या आत कोणतंही कायम स्वरूपाचं बांधकाम करायचं नाही. अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. नियम २६ सप्टेंबर २०१७ चे आहेत, म्हणजे साधारण २००८ ते २०१७ चे दहा पावसाळे. आज पाणी कुठे आहे यावर ही रेषा ठरत नाही.

आता हे नियम कुणाला लागतात? शब्दशः पाहिलं तर रामसर स्थळं (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेली) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागा. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही रामसर स्थळं आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इस्रोच्या ॲटलासमधल्या (पाणथळ जागांच्या नकाशासंग्रहातल्या) २,०१,५०३ जागांना याच तत्त्वांनी संरक्षण द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये २०२१ च्या ॲटलासमधल्या २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्द आखणी करायचे आदेश राज्यांना दिले. या सगळ्या २.२५ हेक्टरहून मोठ्या जागा. त्यामुळे ‘आमचा तलाव अधिसूचित नाही’ एवढ्यावर विषय संपत नाही. तुमचा तलाव २.२५ हेक्टरपेक्षा मोठा आहे का आणि ॲटलासमध्ये आहे का, हे आधी बघा.

धानपट्टा:
एक मोठी गोष्ट राहिली. २०१७ च्या नियमांतल्या व्याख्येतच नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेली कामं वगळलेली आहेत. मामा तलाव मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, धानाच्या ओलितासाठीच बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत आणि त्यांच्या नोंदी सिंचन तलाव म्हणूनच आहेत. म्हणजे ५० मीटर इथे लागतच नाही, अशी बाजू घेता येते.

नकाशावाचक:
घेता येते, पण तिच्यावर घराचा पाया टाकू नका. ॲटलासमध्ये मानवनिर्मित तलाव हा स्वतंत्र प्रकारच आहे आणि त्यात हे तलाव मोजले गेलेत. उद्या कुणी लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठात गेलं तर वाद नेमका ‘सिंचनासाठी खास बांधलेला’ या शब्दांवर होणार. मासेमारी, गुरांचं पाणी, पक्षी, कमळकंद असे अनेक उपयोग असलेला दोनशे वर्षांचा तलाव फक्त सिंचनाचं बांधकाम मानायचा की नाही, हे तुमच्या घराचा स्लॅब पडल्यावर ठरणं परवडणारं नाही.

व्यवहारात असं करा. जिल्हाधिकारी कार्यालयात पाणथळ जागांच्या जिल्हा समितीकडे लेखी अर्ज द्या. गट क्रमांक, तलावाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि गाव नकाशाची प्रत जोडा. चारच गोष्टी विचारा: तलाव ॲटलासच्या यादीत आहे का, पडताळणी होऊन हद्द आखली गेली आहे का, संक्षिप्त दस्तऐवज (तलावाची माहिती आणि हद्द सांगणारा अहवाल) तयार झाला असेल तर प्रभावक्षेत्र कुठवर धरलं आहे, आणि सिंचन तलाव म्हणून तो वगळला आहे का. उत्तर आलं नाही तर तेच प्रश्न माहिती अधिकारात टाका. तोंडी ‘काही अडचण नाही’ याला किंमत नाही. लेखी ‘वगळला आहे’ असं येईपर्यंत ५० मीटर सोडूनच नकाशा आखा.

प्रभावक्षेत्राचा प्रश्न हलका समजू नका. पाणलोटाचा जो भाग तलावाच्या प्रकृतीवर परिणाम करतो तो त्यात येतो आणि ५० मीटरच्या बराच पलीकडे जाऊ शकतो. तिथे बांधकामाला मनाई असेलच असं नाही, पण सांडपाणी, भराव, बोअर यांवर अटी येऊ शकतात.

लेव्हलमशीन:
मोजणीबद्दल लिहितो, कारण खरा घोळ तिथेच होतो.

१:१०० उतारावर पातळीत १० सेंटीमीटरची चूक म्हणजे जमिनीवर १० मीटरची चूक. त्यामुळे मोबाइलच्या जीपीएसवरून किंवा गूगलच्या नकाशावरून ‘कड’ ठरवू नका. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) किंवा आरटीके डीजीपीएस (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) लागेल.

समुद्रसपाटीपासूनची पातळी मिळाली तर उत्तम, पण या कामाला ती नसली तरी अडत नाही. तलावाच्या सांडव्याचा (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचा) माथा १००.०० मीटर धरा आणि सगळं त्याच्याशी जोडा. माथ्यावर तीन-चार ठिकाणी वाचन घ्या. जुन्या दगडी सांडव्यांचा माथा एका पातळीत नसतो आणि पाणी सगळ्यात खालच्या जागेवरून जातं. तिथून जागेपर्यंत लेव्हल आणताना मागचं आणि पुढचं वाचन सारख्याच अंतरावर ठेवा, ४० मीटरच्या वर जाऊ नका, आणि फेरी परत सांडव्यावर आणून बंद करा. सहाशे मीटरच्या फेरीत फरक एक सेंटीमीटरच्या आत यायला हवा. जास्त आला तर काम पुन्हा करा. जागेवर ५ मीटरच्या चौकटीत वाचनं घेऊन १० सेंटीमीटर अंतराच्या समोच्च रेषा काढा.

आता पातळी. सांडव्याचा माथा म्हणजे पूर्ण संचय पातळी, पूर पातळी नव्हे. सांडव्यावरून पाणी वाहतं तेव्हा तलावातलं पाणी माथ्याच्या वर चढलेलं असतं. रुंद माथ्याच्या सांडव्याला विसर्ग = १.७ × लांबी × (वरच्या पाण्याची उंची)^१.५ हे सूत्र चालतं. २० मीटर लांबीच्या सांडव्यावरून सेकंदाला १० घनमीटर पाणी जात असेल तर उंची येते साधारण ४४ सेंटीमीटर. १:१०० उतारावर माथ्याच्या रेषेपासून आणखी ४४ मीटर आत पाणी येईल. ‘तलाव भरतो तिथपर्यंत आमची हद्द आहेच, पाणी पुढे येत नाही’ हे म्हणणं इथे कोसळतं.

पण नियमात सर्वोच्च पातळी नाही, सरासरी उच्च पातळी आहे. दर वर्षीची सर्वांत वरची पातळी घ्या आणि दहा वर्षांची सरासरी काढा. समजा सात वर्षं तलाव माथ्यावर ३० सेंटीमीटर वाहिला आणि तीन वर्षं माथ्याच्या ६० सेंटीमीटर खालीच राहिला. सरासरी येते माथ्याच्या वर फक्त ३ सेंटीमीटर. ३० आणि ३ मधला फरक जमिनीवर २७ मीटर! म्हणून दहा वर्षांच्या नोंदी मिळवण्यात वेळ घालवणं फायद्याचं असतं.

नोंदी कुठे? जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे तलावाची नोंदवही असते, त्यात सांडव्याची लांबी, माथा आणि बुडीत क्षेत्र मिळतं. दरवर्षीची पातळी लिहिलेली नसेल तर साठ्याच्या टक्केवारीवरून काढावी लागते. मच्छीमार सहकारी संस्थेकडे तलाव असेल तर सांडव्यावर जाळी कधी लावली, कधी काढली हे त्यांना पक्कं माहीत असतं. तेवढ्याने पातळी सिद्ध होत नाही, पण कोणत्या वर्षी तलाव वाहिला ते कळतं. त्या दहा वर्षांत दुरुस्तीच्या कामात सांडव्याचा माथा वर किंवा खाली केला असेल तर ते वर्ष नोंदीतून शोधा. आधीच्या आणि नंतरच्या पातळ्या सरळ एकत्र मिसळल्या तर सरासरी चुकते. गाळ काढल्याने साठा वाढतो, माथा बदलत नाही, तेव्हा गाळाच्या कामांची काळजी नको.

रेषा मिळाली की त्या वाकड्या रेषेच्या प्रत्येक बिंदूपासून ५० मीटर घ्या, जमिनीच्या उतारावरून नाही तर आडवं. दोन टोकं जोडून सरळ रेषा मारू नका. शेजाऱ्याच्या जागेत तलावाचा एखादा फाटा आत शिरला असेल तर त्याचे ५० मीटर तुमच्या बाजूच्या हद्दीतूनही आत येतात.

आणि जोत्यासाठी सरासरी वापरू नका. बांधकाम कुठवर ते सरासरीवरून, जोतं किती उंच ते आजवरच्या सर्वांत वरच्या पातळीवरून. नदीकाठी निळ्या-लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर जोतं मागतात. तलावाकाठीही तेवढं ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

पाणकणीस:
उपग्रह चित्रांबद्दल थोडं. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा, सेंटिनल-२ चा १० मीटरचा, आणि सेंटिनल-२ ची चित्रं २०१५ च्या मध्यानंतरचीच मिळतात. ५० मीटरची रेषा ३० मीटरच्या ठिपक्यावर आखता येत नाही. कोणत्या वर्षी तलाव भरला, कोणत्या वर्षी नाही, एवढ्यापुरतीच ती चित्रं घ्या. दुसरी अडचण म्हणजे पाणी शोधायचा नेहमीचा निर्देशांक हिरव्या आणि अवरक्त किरणांच्या फरकावर चालतो. काठावर बेशरमाची झुडपं, पाणकणीस किंवा जलपर्णी दाट असेल तर तिथे पाणी असूनही तो जमीन दाखवतो. नेमकी काठाचीच पट्टी चुकते. पुराच्या दिवसांत ढग असतात, त्यामुळे बहुतेक चांगली चित्रं ऑक्टोबरची असतात आणि तोवर पाणी उतरलेलं असतं. या दोन्ही चुका रेषा तलावाकडे ढकलतात, म्हणजे तुम्हाला खोटा दिलासा देतात.

गटक्रमांक:
फार मदत झाली. हिशेब करून पाहिला: सरासरीची रेषा उत्तर हद्दीवरच आली तर ७४ मधून ५० जाऊन २४ मीटर खोली उरते. ती १० मीटर आत आली तर १४. त्यातून रस्त्याकडचं आणि बाजूंचं सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) जाणार. आणखी दोन प्रश्न. आवारभिंत आणि सेप्टिक टँक त्या ५० मीटरच्या पट्ट्यात चालतील का? आणि पोटखराब्याचं क्षेत्र चटईक्षेत्रात धरता येतं का?

नकाशावाचक:
कायम स्वरूपाचं बांधकाम म्हणजे काय याची वेगळी व्याख्या नियमांत नाही. म्हणून आरसीसी किंवा विटांची भिंत, संरक्षक भिंत, टाकी, काँक्रीटचा रस्ता हे सगळं पट्ट्याच्या बाहेरच ठेवा. हद्द दाखवायला लाकडी खांब आणि तार किंवा सजीव कुंपण पुरतं. भिंत घातली तर पुराचं पाणी अडून शेजाऱ्याकडे चढतं आणि तक्रार तिथून सुरू होते.

सेप्टिक टँकचं केवळ अंतर पाळून भागत नाही. तलावाकाठी पावसाळ्यात भूजल दीड-दोन मीटरवर येतं. तिथे शोषखड्डा पाणी शोषत नाही, उलट भूजलच खड्ड्यात भरतं आणि मैलापाणी संडासाच्या भांड्यातून परत येतं. रिकामी टाकी वर उचललीही जाते. टाकी रस्त्याच्या बाजूला घ्या, तळाचा स्लॅब भिंतींबाहेर थोडा वाढवा म्हणजे वरच्या मातीचं वजन टाकीला धरून ठेवतं, आणि शोषखड्ड्याऐवजी उलट्या प्रवाहाची खडीची गाळणी आणि त्यापुढे केळी-कर्दळीचा वाफा करा. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर हवा, त्यात शेजाऱ्याची विहीरही आली.

पोटखराबा ‘अ’ की ‘ब’ ते आधी बघा. ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून आकारणीतून सोडलेला. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक वापराचा रस्ता, तलाव, प्रवाह, स्मशान यांसाठी राखलेला. तलावाला लागून ३ गुंठे असतील तर ते ‘ब’ असण्याची शक्यता खूप. तसं असेल तर ती जमीन नावावर दिसत असली तरी तिथे बांधकामाचा विचारही करू नका.

चटईक्षेत्राचं म्हणाल तर, नदीच्या पूररेषेत अडकलेल्या भागाचं चटईक्षेत्र उरलेल्या जागेवर वापरायची सोय यूडीसीपीआरमध्ये आहे. पण ती तरतूद नदीकाठ आणि पूररेषा यांच्याबद्दल आहे. तलावाच्या ५० मीटरला ती आपोआप लागते असं धरून नकाशा काढू नका, नगररचना कार्यालयाकडून लेखी घ्या. तुमच्या एका घराला तेवढं चटईक्षेत्र लागणारही नाही.

खाडीकाठ:
कोकणातून वाचणाऱ्यांनी हे आकडे आपल्या जागेला लावू नयेत. सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येणाऱ्या पाणथळ जागा २०१७ च्या नियमांतून बाहेर आहेत. तिथे १८ जानेवारी २०१९ ची सीआरझेड अधिसूचना. खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. खाडी कुठवर धरायची हे वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात ५ भाग असते त्या ठिकाणावरून ठरतं. समुद्रकाठच्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. आणि कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्याच्या सर्व बाजूंनी ५० मीटर, जमीन कुणाचीही असो. भरतीरेषा स्वतः मोजायची नसते. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर अधिकृत संस्थेकडून गट क्रमांक बसवून घ्यावा लागतो.

लेव्हलमशीन:
शेवटी कामाचा क्रम, कारण उलटा केला की पैसे वाया जातात. आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी आणि ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), मग झोन दाखला आणि भाग नकाशा. पाठोपाठ जिल्हा समितीला अर्ज आणि लघुसिंचन विभागाकडून तलावाच्या नोंदी. त्यानंतर लेव्हल, समोच्च रेषा आणि ५० मीटरची रेषा. बांधकाम परवानगी सगळ्यात शेवटी. वास्तुविशारदाच्या स्थळ नकाशावर सरासरी पातळीची रेषा आणि ५० मीटरची रेषा, दोन्ही पातळीच्या आकड्यांसकट दाखवायला सांगा. रेषा न दाखवता मिळालेली परवानगी पुढे तुमचं रक्षण करत नाही. माहिती लपवली असाच त्याचा अर्थ लावतात.

तोवर जागेवर भराव टाकू नका. भराव टाकून पातळी वर आली म्हणून रेषा सरकत नाही, ती २०१७ च्या आधीच्या पाण्याची आहे. उलट पाणथळीत भराव हेच स्वतंत्र उल्लंघन ठरतं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे, आणि दंड भरला म्हणून बांधकाम वाचतं असंही नाही. लवादाकडे तक्रार करायला सहा महिन्यांची मुदत असते.

एक काम या पावसाळ्यातच करून ठेवा. सांडवा वाहायला लागला की उत्तर हद्दीच्या दोन्ही खांबांवर पाणी कुठे टेकलं तिथे रंगाची खूण करा, तारीख दिसेल असा फोटो घ्या आणि त्याच दिवशी सांडव्यावर किती सेंटीमीटर पाणी आहे ते पट्टीने मोजून लिहा. पाणी उतरल्यावर त्या खुणांची लेव्हल घेतली की समोच्च रेषा बरोबर आहेत की नाही ते कळतं. दोन्हीत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सांडव्याचं माथ्यावरचं वाचन आधी तपासा, जागेवरचं नंतर.